कडी तिसऱ्यांदा तपासणारा हात

ते आले मुलीसाठी. नीट बसायच्या आधीच विचारलं, "आठ वर्षांच्या मुलीची जनुकीय तपासणी करून मिळते का, मॅडम? स्वभावाची?"

वय ४१. काम लिफ्टच्या सुरक्षा तपासणीचं. बोलणं मोजकं, हातात वही आणि वहीत मुद्दे लिहून आणलेले. (एका माणसाचं म्हणून लिहीत असले तरी या प्रकरणात दोन-तीन जणांच्या हकिगती मिसळलेल्या आहेत आणि ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.)

प्रश्नामागची गोष्ट अशी. त्यांचे वडील रोज रात्री दाराची कडी तीनदा बघायचे. एकदा लावताना, एकदा पाणी पिऊन परत जाताना आणि तिसऱ्यांदा अंथरुणातून उठून. घरात त्याची थट्टा व्हायची. वडील चार वर्षांपूर्वी गेले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हेही तीनदा कडी बघू लागले होते. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा हसू आलं नाही, धसकाच बसला. तरी निभत होतं. मग दीड महिन्यापूर्वी एका रात्री दिवे मालवल्यावर त्यांना पावलं वाजल्यासारखी वाटली. मुलगी उठून दारापाशी गेली होती. टाचा उंचावून तिने कडीला एक बोट लावलं, ती हलत नाही हे पाहिलं आणि येऊन झोपली. कुणाला काही बोलली नाही.

"तिसरी पिढी, मॅडम," ते म्हणाले आणि वही मिटली.

आधी जे बघायला हवं ते

कडी तपासणं म्हटलं की ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि सक्तीने पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृतींचा आजार, हेच मनात येतं. माझ्याही आलं. म्हणून पहिल्या दोन सत्रांत मी बाकी काही केलं नाही. दिवसात किती वेळ जातो, तपासलं नाही तर काय होतं, मनात नको असलेले विचार घुसतात का, मोजणं, धुणं, पुटपुटणं वगैरे आहे का, हे विचारलं आणि एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचं मत पडलं की ओसीडी म्हणावा इतका वेळही जात नाही आणि त्या जातीची सक्तीही नाही. हा वर्षानुवर्षांचा चिंताळूपणा आहे. गोळ्या तूर्त नकोत, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. चिंता मोजण्यासाठी सात प्रश्नांची जीएडी-७ नावाची प्रश्नावली सर्रास वापरतात. कमाल गुण २१ असतात, १० किंवा जास्त आले की पुढे नीट तपासावं असा संकेत आहे. यांचे आले १३.

हे लिहिण्याचं कारण आहे. ओसीडी असता तर पहिला उपचार ठरलेला होता. भीती वाटू द्यायची आणि तरीही तपासायचं नाही, असा टप्प्याटप्प्याने सराव. तो सोडून मी त्यांच्याशी स्वातंत्र्य आणि मृत्यूवर बोलत बसले असते तर त्यांचे महिने फुकट गेले असते. अस्तित्ववादी पद्धतीने, म्हणजे स्वातंत्र्य, मृत्यू, अर्थ अशा माणसाच्या मूळ प्रश्नांना धरून काम करणाऱ्या आम्हा मानसोपचारकांचा हा आवडता प्रमाद आहे.

मुलीच्या तपासणीचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि वैद्यकीय आनुवंशिकीच्या संघटनांनी २०१३ मध्ये एकत्र भूमिका घेतली की जे आजार मोठेपणीच उद्भवतात आणि ज्यांवर लहानपणी काही करता येत नाही, त्यांची भाकीत करणारी तपासणी मुलांवर करू नये. मूल मोठं झाल्यावर स्वतः ठरवेल. इथे तर आजारसुद्धा नव्हता, स्वभाव होता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पिशवीतून एक कागद काढला. स्वतःची तपासणी त्यांनी आधीच करून घेतली होती. थुंकीचा नमुना पाठवायचा, अहवाल मेलवर येतो. दोन किट घेतली तर सवलत होती, म्हणून दोन घेतली. दुसरं घरी ड्रॉवरमध्ये.

अहवालातला काटा

कागदावर गाडीच्या वेगमापकासारखं अर्धवर्तुळ छापलं होतं. काटा लाल पट्ट्यात. खाली लिहिलं होतं, 'चिंतेकडे कल : वाढलेला'.

आधार काय, तर एका जनुकातला एक फरक. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन पेशीत परत ओढून घेणारं जे प्रथिन असतं, त्याच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागाची एक आखूड आणि एक लांब आवृत्ती असते. आखूड आवृत्तीचं नातं चिंताळू स्वभावाशी १९९६ मध्ये जोडलं गेलं. तेव्हासुद्धा माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम तीन-चार टक्के भाग त्यातून उलगडत होता. २००३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात एक निबंध आला. आखूड आवृत्ती आणि आयुष्यातले आघात एकत्र आले की नैराश्याची शक्यता वाढते, असं त्यात मांडलं होतं. ते इतकं सुबक होतं की पुढे किती प्रयोगशाळा त्यामागे लागल्या त्याला गणती नाही. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर अशी १८ गाजलेली जनुकं पुन्हा तपासली गेली. कोणतंही सटरफटर जनुक उचललं असतं तरी नैराश्याशी त्याचा संबंध तेवढाच निघाला असता, असा निकाल लागला. त्याच्या आदल्या वर्षी जवळपास साडेचार लाख लोकांच्या डीएनएवरून न्यूरॉटिसिझमशी, म्हणजे चटकन घाबरण्याच्या-खचण्याच्या स्वभावाशी, निगडित १३६ जागा सापडल्या होत्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. तो लाल काटा असा होता.

पण काट्याने आपलं काम केलं होतं. अहवाल आल्या दिवसापासून ते वहीत लक्षणं टिपू लागले होते. 'सकाळी छातीत धडधड.' 'मीटिंगआधी पोट बिघडलं.' 'लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप नाही (आठवलं).' शेवटच्या कंसावर माझी नजर अडली. लेबोविट्झ आणि आन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही लोकांना थुंकीच्या खोट्या चाचणीनंतर सांगितलं की तुमच्यात नैराश्याचा जनुकीय कल आहे. मग गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं. ज्यांना कल असल्याचं सांगितलं होतं त्यांना स्वतःची जास्त लक्षणं आठवली. दोन आठवडे तेच होते, आठवण मात्र अहवालाच्या बाजूने झुकली. आमच्या वहीत तर चाळीस वर्षं झुकली होती.

माझं व्याख्यान

चौथ्या सत्रात मी जे केलं ते आज करणार नाही. मी त्यांना शिकवायला बसले.

स्वभाव आनुवंशिक असतो हे मी नाकारलं नाही, नाकारणं खोटंच ठरलं असतं. मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून थॉमस बूशार्ड यांनी जन्मानंतर ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारखी जुळी वेगळी वाढूनही स्वभावाने एकमेकांच्या जवळपास तितकीच जवळ निघाली, जितकी एका घरात वाढलेली निघतात. २०१५ मध्ये जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांतल्या २,७४८ अभ्यासांचा आढावा निघाला. हजारो गुणांची सरासरी काढली तर फरकाचा ४९ टक्के भाग जनुकांकडे जात होता. फक्त स्वभावाचा वेगळा आढावा त्याच वर्षी आला, तो ४० टक्क्यांच्या आसपास थांबला.

त्यांनी वहीत लिहिलं, '४० टक्के बाबा.'

तिथे मी त्यांना थांबवलं. या आकड्याइतका गैरसमज क्वचितच कुठल्या आकड्याचा झाला असेल. तो एका माणसाची वाटणी सांगत नाही. लोकांच्या एका समूहात स्वभावाचे जे फरक दिसतात, त्यांतले किती फरक जनुकांच्या फरकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. हाताला पाच बोटं असणं जनुकांनीच ठरतं. तरी लोकांच्या बोटांच्या संख्येत जो फरक सापडतो तो बहुतेक अपघातांमुळे पडलेला असतो, म्हणून बोटांच्या संख्येसाठी हा आकडा शून्याजवळ जातो. बोटं जनुकांनी दिली नाहीत, असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही. उलट बाजूने, आकडा ४० आला म्हणून तुमच्यातला चाळीस टक्के माणूस वडिलांचा होत नाही. शिवाय एकसारख्या जुळ्यांना जनुकांची अख्खी जुळणी तशीच्या तशी मिळते. मुलाला वडिलांचे निम्मेच पत्ते मिळतात, तेही पिसून. त्यामुळे आईबाप आणि मुलं यांच्या स्वभावातला सहसंबंध प्रत्यक्ष मोजला की ०.१ ते ०.२ च्या घरात येतो (पूर्ण जुळणी असती तर तो १ आला असता). 'अगदी बापावर गेलाय' हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारलं जातं, ती सहजता या आकड्यात नाही. त्यांचा थोरला भाऊ त्याच आईबापांचा. त्याच्या घराला रात्री कडी असते की नाही हेही त्याला ठाऊक नसतं, असं ते स्वतःच हसत म्हणाले.

हलके होऊन गेले. मीही खूश. नोंदीत लिहिलं, 'चांगलं सत्र.'

पुढच्या वेळी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. घरी जाऊन त्यांनी वाचन केलं होतं. त्यांना सापडला होता थालिया एली आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास. स्वीडनमधल्या जुळ्या व्यक्ती आणि त्यांची किशोरवयीन मुलं, अशी त्याची रचना. समजा दोन एकसारख्या जुळ्या बहिणी आहेत. जनुकांच्या हिशेबाने मावशी ही आईइतकीच जवळची. मग चिंता जनुकांतून उतरत असेल तर मूल मावशीशीही तितकंच जुळायला हवं. घरातल्या वागण्यातून उतरत असेल तर आईशी जास्त. निकाल आईच्या बाजूने लागला. चिंतेच्या संक्रमणात जनुकांचा लक्षणीय वाटा दिसला नाही, घरातल्या थेट प्रभावाचा दिसला.

"म्हणजे तिने ते माझं बघून उचललं," ते म्हणाले.

मी सांगू लागले की हा एका देशातल्या एका नमुन्यावरचा अभ्यास आहे, मुलं वयाने मोठी आहेत, घबराट मुलाकडून आईबापांकडेही जाते. त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतरची दोन सत्रं ते आले नाहीत.

सुपरवायझरची खोली

माझ्या सुपरवायझर, म्हणजे माझ्या उपचाराच्या कामावर नजर ठेवणाऱ्या ज्येष्ठ बाईंसमोर मी सगळ्या नोंदी ठेवल्या. आकडे अचूक आहेत हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा. त्यांनी एवढंच विचारलं, "उत्तरं छान दिलीस. त्यांना जनुकं का हवी होती, हे विचारलंस का गं?"

विचारलं नव्हतं.

इथे जरा थांबते, कारण सगळ्या प्रकरणाची खुंटी इथे आहे. अस्तित्ववादी उपचारपद्धतीबद्दल एक ढोबळ समज असा की ती 'तू मुक्त आहेस, हवं ते हो' असं सांगते आणि म्हणून आनुवंशिकतेशी तिचं वाकडं आहे. तसं नाही. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२७ मध्येच फेकलं गेल्याची कल्पना मांडली. आपण कुठे, कुणाच्या पोटी, कोणत्या देहात येतो हे न विचारता जगात टाकले जातो. जनुकं त्या टाकलं जाण्यातच मोडतात. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र याला वस्तुस्थिती म्हणतो. ती नाकारणं ही स्वतःशी केलेली एक लबाडी, आणि 'मी म्हणजे फक्त ती वस्तुस्थिती' म्हणणं ही दुसरी. दुसरीकडे आपलं लक्ष कमी जातं, कारण ती नम्रतेचं सोंग घेऊन येते.

डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दची गोष्ट तर या प्रकरणाला थेट शिवते. चिंतेवरचं त्याचं १८४४ चं पुस्तक अस्तित्ववादी मानसोपचाराच्या मुळाशी मानतात. त्या पुस्तकाचा विषय काय, तर वंशपरंपरेने आलेलं पाप. घरची कथाही तशीच. वडिलांनी लहानपणी गुरं-मेंढरं राखताना देवाला शिव्याशाप दिले होते, त्याचं ओझं त्यांनी जन्मभर वाहिलं, आणि मुलाची खात्री होती की या शापामुळे आपण चौतिशी गाठत नाही. सात भावंडांपैकी पाच खरोखर त्याआधी गेली. १८४७ मध्ये तो ३४ वर्षांचा झाला आणि चक्क चकित झाला. तो पुढे आणखी आठ वर्षं जगला. वारशाची भीती मनात घेऊन बसलेल्या माणसानेच चिंतेला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं, हे मला सुपरवायझरच्या खोलीतून बाहेर पडताना जिन्यात आठवलं. पुस्तक आधी वाचलेलं होतं. कळलं तेव्हा.

"मग काय सुटतं?"

मी फोन करून त्यांना बोलावलं. आले. वही आणली नव्हती.

मी विचारलं, "समजा उद्या पक्कं ठरलं की हे सगळं जनुकांतूनच आलंय. तुमचं काय सुटेल?"

बराच वेळ ते खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "मग माझ्याकडून काही चुकलेलं नसेल."

आणि थोड्या वेळाने, "बाबांकडूनही."

वही, काटा, ४० टक्के, तिसरी पिढी, सगळं या दोन वाक्यांवर टांगलेलं होतं. त्यांना मुलीची तपासणी करायची होती ती आपली सुटका व्हावी म्हणून. काटा लाल निघाला असता तर ते दुःखी झाले असते, पण निर्दोष. माझ्या व्याख्यानाने तो आडोसा मी पंचेचाळीस मिनिटांत पाडला होता आणि बदल्यात उघड्यावर उभं केलं होतं. ते दोन आठवडे आले नाहीत यात नवल नाही.

रोलो मे आणि यालोम या अस्तित्ववादी मानसोपचारकांच्या लिखाणात अपराधीपणाच्या दोन जाती वेगळ्या केलेल्या दिसतात. एक स्वतःला उगाच कोरडे ओढणारा, दुसरा खरंच काही राहून गेल्याची जाणीव देणारा. पहिल्यावर फुंकर घालायची, दुसऱ्याचं ऐकायचं. आम्ही पुढची चार-पाच सत्रं हे दोन सुटे करण्यात घालवली. मुलगी चिंताळू होणं त्यांच्या हातात नव्हतं. गेली दोन वर्षं ती झोपताना काही विचारायची तेव्हा ते 'झोप आता' म्हणून दिवा घालवायचे, हे होतं. कारण काय? तिच्या प्रश्नात आपलीच भीती ऐकू आली असती. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मान खाली घालून. मी त्यांना त्यातून सोडवायला गेले नाही.

कडीपाशी

मग आम्ही कडीकडे आलो. अर्थ लावायचा नाही, आधी फक्त वर्णन करायचं, ही या पद्धतीची जुनी शिस्त आहे. मी म्हटलं, कडीजवळचं ते मिनिट मला असं सांगा की मला दिसलं पाहिजे.

पहिल्यांदा, ते म्हणाले, हात काम करतो. कडी सरकते, खटका लागतो, थंड लोखंड लागतं. दुसऱ्यांदा डोळे काम करतात. अंधारात कडीची रेघ दिसते, आडवी. हात लावावा लागत नाही. तिसऱ्यांदा?

"तिसऱ्यांदा मी उठायचं ठरवत नाही. पांघरूण बाजूला झालेलं असतं. पाय फरशीवर. तिथे बाबा उठतात."

"आणि दुसऱ्या नि तिसऱ्याच्या मध्ये?"

"मध्ये काय?"

"आडवे झालात, कडी लागलीय हे डोळ्यांनी पाहिलंय. पांघरूण अजून अंगावर आहे. तिथे काय असतं?"

त्यांनी डोळे मिटले. "कान असतात. मुलीचा श्वास ऐकतो. ऐकू आला नाही तर वाटतं, हे सगळं कुणीतरी सांभाळतंय का, की फक्त मीच जागा आहे."

(उद्दीपन आणि प्रतिसाद यांच्यामध्ये एक जागा असते आणि तिथेच आपलं स्वातंत्र्य, हे वाक्य मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलच्या नावाने सगळीकडे फिरतं. फ्रँकलच्या लिखाणात ते सापडत नाही. बहुधा म्हणूनच मी ते त्या दिवशी वापरलं नाही, आणि बरं झालं. त्या जागेत स्वातंत्र्य वगैरे काही नव्हतं, एक जागा माणूस होता.)

पुढच्या आठवड्यात त्यांनी आईला विचारलं, बाबा कडी कधीपासून बघायला लागले. आईने सांगितलं ते त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. थोरला दोन-अडीच वर्षांचा असताना एका पहाटे त्याने दार उघडलं आणि बाहेर चालत गेला. तासाभराने रस्त्याच्या कडेला सापडला, खेळत होता. बाबा त्या रात्रीपासून उठायला लागले.

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही ही गोष्ट आवडली, नको तितकी आवडली. तीन पिढ्यांची जनुकं म्हणून ज्याचा धसका घेतला ती एका बापाची एका रात्रीची भीती निघाली. पण मी विचारलं, "आई आणखी काय म्हणाल्या?" ते जरा थांबले. आई म्हणाली होती की तुझे आजोबाही असेच, पावसाची सर आली की दहादा छप्पर बघायचे.

"म्हणजे काहीच सिद्ध होत नाही," ते म्हणाले.

नाही होत. चिंताळू वडिलांना धक्का बसला, शांत वडिलांना कदाचित इतका बसला नसता. जनुकं आणि प्रसंग एकमेकांत असे विणलेले असतात की एका माणसाच्या बाबतीत धागा ओढून दाखवता येत नाही. समूहाच्या हिशेबात येतो, एका दाराच्या कडीच्या हिशेबात नाही. ते यावर चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "मग आता मी काय करायचं?" तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या प्रश्नात 'मी' होता.

दोरखंड

त्यांच्या कामाबद्दल मी आधी फारसं विचारलं नव्हतं, हे आणखी एक राहून गेलेलं. लिफ्टचा पोलादी दोरखंड कसा तपासतात ते त्यांनी एकदा समजावलं. दोर सावकाश चालवायचा, थांबवायचा, ठराविक लांबीत तुटलेल्या तारा मोजायच्या, गंज आणि झीज बघायची. वर दिसणारी तार ठीक असली म्हणून आतली असेलच असं नाही. सहकारी तासात उरकतात तिथे यांना दोन लागतात. "माझ्या सहीच्या लिफ्टमध्ये मी डोळे मिटून बसेन," ते म्हणाले. गर्व नव्हता, माहिती होती.

एकसारख्या जुळ्यांतला एक धूर्त गुन्हेगार झाला आणि दुसरा तितकाच धूर्त गुन्हेशास्त्रज्ञ, असं एक उदाहरण फ्रँकल द्यायचा. धूर्तपणा जन्माचा, त्याचं काय केलं ते ज्याचं त्याचं. मी त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच शंका काढली, "गुन्हेगार झालेला म्हणेल, मला संधी मिळाली नाही." शंका रास्त होती आणि मी तसं म्हटलंही. पण घरी जाताना ते दारात म्हणाले, "दोर बघताना मी बाबा नसतो. मीच असतो. हात तेच आहेत."

तिथून काम बदललं. तिसऱ्यांदा उठायचं नाही असा नियम मी घातला नाही. उठायचं असेल तर ठरवून उठायचं, एवढंच आमचं ठरलं. पांघरूण बाजूला होण्याआधी मनात म्हणायचं, 'मी उठतोय.' पहिल्या आठवड्यात ते सातही रात्री ठरवून उठले. तिसऱ्या आठवड्यात चार. वागणूक-उपचार करणारे वाचक म्हणतील की हा आमच्याकडचाच सराव, वेगळ्या कपड्यांत. असेल. मला त्यात अपमान वाटत नाही.

मुलीशी बोलणं जास्त अवघड गेलं. दोनदा ठरवून जमलं नाही. मग एका रात्री ती दारापाशी असताना तेही गेले आणि शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, "मला रात्री भीती वाटते, म्हणून मी पुन्हा पुन्हा बघतो. कडी लागलेलीच असते."

ती म्हणाली, "मग बघतोस कशाला?"

त्यांना उत्तर सुचलं नाही. तसंच तिला सांगितलं. ती म्हणाली तिलाही माहीत नाही. दोघं थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मला हे सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते. आपण आपल्या बाबांशी असं कधी बसलो नाही, त्यांना 'अहो बाबा' म्हणायचो, हेही त्यातच आलं.

मोजमापं

सोळा सत्रं झाली, पाच महिन्यांत. जीएडी-७ चे गुण १३ वरून ८ वर आले. मनोविकारतज्ज्ञांनी पुन्हा पाहिलं, गोळ्यांची गरज वाटली नाही. मुलीचं कडी बघणं आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आलं. ते वाढलं किंवा शाळेत, झोपेत, खाण्यात काही फरक दिसला तर बाल-मानसतज्ज्ञांकडे जायचं ठरलं आहे. मी तिला कधी भेटले नाही.

याचं श्रेय अस्तित्ववादी पद्धतीला किती? सावधच राहिलेलं बरं. या पद्धतींच्या प्रयोगांचा २०१५ मध्ये एक एकत्रित आढावा निघाला, त्यात हिशेबात धरता आलेले अभ्यास फक्त १५ होते. आयुष्याच्या अर्थावर आखीवपणे काम करणाऱ्या पद्धतींचा परिणाम चांगला दिसला, बाकीच्यांचा फारसा नाही. माझं काम त्या बाकीच्यांत मोडतं. दुसरीकडे, उपचाराने स्वभाव हलतो का हे बघणारा २०७ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये आला. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर भावनिक स्थैर्यात दिसण्याजोगा बदल होता, आणि पद्धत कोणती होती याने फार फरक पडत नव्हता. आनुवंशिक असणं आणि न बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चौथ्या सत्रात मी टक्केवारीत सांगितलं होतं. तेव्हा ते त्यांच्या कानावरून गेलं.

त्यांचा स्वभाव बदलला का? ते अजून चिंताळू आहेत. सत्राला दहा मिनिटं आधी येतात, पार्किंगची पावती दोनदा बघतात. वहीत आता लक्षणं नसतात, कामाच्या नोंदी असतात.

शेवटच्या सत्राला ते ड्रॉवरमधलं दुसरं किट घेऊन आले. सील न फोडलेला छोटा खोका. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे तुम्हीच टाकून द्या, मॅडम."

खोका उचलावासा मला फार वाटला. कचऱ्याची टोपली हाताशी होती, आणि पाच महिन्यांच्या कामाचा तो देखणा शेवट झाला असता. मी म्हटलं, "ते तुमचं आहे."

ते थोडा वेळ खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोठी झाली की तिलाच विचारीन, असंही करता येईल. किंवा आजच टाकीन." खोका पिशवीत गेला. निघताना त्यांनी दार ओढून घेतलं, एकदाच.

माझ्या नोंदीतली त्या दिवसाची शेवटची ओळ आहे, 'किट परत घेऊन गेले.'